दोघींची एकच हाक

मांजराला डॉक्टरकडे न्यायचे, यात सांगण्यासारखे काही नसते. त्या दुपारीही ते एक साधे काम होते. दिवा असाच राहू द्या, मोठा करू नका. आणि मध्ये काही विचारू नका, कारण हे मला क्रमानेच सांगता येते.

वेताच्या टोपलीत जुनी शाल अंथरली, तिच्यावर मांजर ठेवले, झाकणाची दोरी बांधली आणि मी व मावशी पायीच निघालो. दवाखाना आमच्या रस्त्याच्या टोकाला, वळणावर आहे. सकाळचे धुके दुपार झाली तरी उठले नव्हते. घरे एकेक करून पुढे येत आणि मागे विरघळत. टोपली मावशीने माझ्या हाती दिली नाही. मी मागितली तेव्हा म्हणाली की, तुझी चाल प्राध्यापकिणीची, त्या चालीने मांजराला टोपलीत उलटी होईल. परत येताना टोपली रिकामी असणार, हे दोघींनाही ठाऊक होते. मांजराची मूत्रपिंडे थकली होती. ते दिवसभर पाणी पीत राही आणि तरी त्याची कातडी हाडांवर सैल कापडासारखी लोंबे. डॉक्टरांनी आदल्या खेपेला स्पष्ट सांगितले होते की, आता औषध त्याला पुरणार नाही, फक्त त्रास पुरेल.

इथे एक खुलासा आधीच करते, नाहीतर पुढे घोटाळा होईल. आमच्या घरात मावश्या दोन होत्या. एक माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मी पाळण्यातून नुकती उतरले होते. मला वाढवले ते हिने, लग्न न करता, तक्रार न करता आणि उपकार न दाखवता. दुसरी मावशी म्हणजे हे मांजर. महाविद्यालयात असताना एकदा मी कोटाच्या खिशात पिल्लू घेऊन घरी आले, तर मावशी उंबऱ्यात आडवी उभी राहिली. एकतर ते या घरात राहील, नाहीतर मी, असे तिने बजावले. मी म्हणाले, अगं, ही वाघाची मावशी, म्हणजे पदाने तुझ्या बरोबरीची. मी लहान माणूस, तुम्ही दोघी आपापसांत ठरवा. तिला हसू फुटले आणि तिथेच ती हरली. नाव मग तेच राहिले. मावशीने पडदा फाडला, मावशी कपाटावर जाऊन बसली, मावशीला शेजाऱ्यांनी हाकलले, अशी वाक्ये आमच्याकडे सहज बोलली जात आणि नवा पाहुणा चमकून चहाचा कप खाली ठेवी. मी हाक मारली की दोघीही माना वळवत. एक ‘ओ’ देई, दुसरी कान हलवी.

‘ओ’ देण्यात मावशीचा जन्म गेला होता. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. लोक अजून हँडल फिरवून नंबर मागत, त्या काळापासून. कानाला यंत्र लावून ती बसे आणि ज्याची हाक येई त्याला त्याच्या माणसापर्यंत पोचवी. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी गल्लीतून कुणीही ‘मावशी’ म्हणून ओरडले की हातातले टाकून ती आधी उत्तर देई, मग कोण आहे ते पाही. मी रागावले तर म्हणे, “हाक कुणाची का असेना गं. ओ देणं आपलं काम.” सगळा रस्ता तिला मावशीच म्हणे. तिचे स्वतःचे नाव बँकेच्या कागदांपुरते उरले होते.

दवाखाना म्हणजे एका जुन्या दुमजली घराचा तळमजला. बाहेरच्या खोलीत समोरासमोर दोन बाकडी, कोपऱ्यात पाण्याचे पसरट भांडे, आणि आतल्या दाराला दुधी काच. काचेवर आतल्या दिव्याचा पिवळा डाग आणि त्यात अधूनमधून हलणारी डॉक्टरांची सावली. वास थरांचा होता. वर फिनेल, त्याखाली स्पिरिट, आणि सगळ्यांत खाली तो आंबूस वास, जो भ्यालेल्या जनावराच्या अंगाला येतो आणि जो त्या भिंतींनी वर्षानुवर्षे पिऊन ठेवला होता.

आमच्या आधी दोघे बसले होते. एक निवृत्त हवालदार, मांडीवर पोपटाचा पिंजरा. आतले दार उघडले की पोपट दरडावून ‘पुढचा!’ म्हणे आणि हवालदार ओशाळून सांगे की ही सवय याला इथेच लागली, माझी नाही. दुसरे आमच्या रस्त्यावरचे शिंपीकाका. त्यांच्या पायाशी एका डोळ्याची कुत्री झोपली होती. शिंपीकाकांनी टोपलीकडे पाहिले, मावशीच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि काही न विचारता ते आपल्या पहिल्या कुत्र्याविषयी बोलू लागले. या डॉक्टरबाईंची एक रीत आहे, ते म्हणाले. शेवटचे इंजेक्शन द्यायचे तेव्हा त्या घरच्या माणसाला जनावराच्या नावाने हाक मारायला सांगतात. एकदाच, रोज मारतो तशी. ती हाक कानात असतानाच सुई रिकामी करतात. म्हणजे बिचारे भिऊन जात नाही, बोलावले म्हणून जाते. त्यांचा कुत्रा तर उठून दाराशी निघाल्यासारखा गेला होता. ते सांगताना शिंपीकाकांनी नाक पुसले आणि पोपटाकडे बघितल्यासारखे केले.

“आत हाक गेली की आम्ही बाहेर गप्प बसतो,” ते म्हणाले. “आपल्याला तेवढंच करता येतं.”

मावशीने समजल्याची मान हलवली. ती आत येणार नव्हती. तिने टोपलीचे झाकण उघडून मांजराच्या कपाळावर बोट टेकवले आणि टोपली पहिल्यांदाच माझ्याकडे दिली.

आतल्या टेबलावर स्टीलचा पत्रा होता आणि त्यावर डॉक्टरांनी मऊ टॉवेल टाकला होता. डॉक्टर वयस्क, ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात. आवाज इतका खालचा की जवळ जाऊन ऐकावा लागे. पहिली सुई झोपेची. मांजराने एक लांब श्वास सोडला आणि हनुवटी माझ्या मनगटावर टेकली. डॉक्टरांनी पुढच्या पायावरचे केस थोडे कापले, शीर चाचपली, दुसरी सुई आत घातली आणि अंगठा दट्ट्यावर ठेवून माझ्याकडे पाहिले. मला त्या रीतीत फार अर्थ वाटत नव्हता. झोपेत गेलेले मांजर काय ऐकणार? पण ज्या प्रकारे त्या थांबल्या होत्या, त्यात घाई नव्हती आणि नाटकही नव्हते. मी वाकले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “मावशी.”

दट्ट्या खाली गेला.

आणि दाराबाहेरून, स्वच्छ, तत्पर, प्रत्येक अक्षर सुटे, असा आवाज आला, “ओ… आले.”

बाहेरची खुसखुस, कुत्रीची धाप, पिंजऱ्याची कुरकुर, सगळे त्याच क्षणी थांबले. डॉक्टरांचा हात तसाच होता. सुई रिकामी झाली होती.

“कोण बोललं ते?”

मी सांगितले की, माझी मावशी. तिलाही मावशीच म्हणतो आम्ही.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप मांजराच्या छातीला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मग माझ्या मनगटावरचा भार हलका झाला. मांजराने मान उचलली होती. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले नाही, बंद दाराकडे पाहिले आणि अडखळत, पण स्वतःच्या पायांवर, उभे राहिले.

सुई शिरेबाहेर सरकली असणार, हे मी त्याच क्षणी ठरवले. असे होते. औषध भोवतालच्या मांसात पसरते आणि काम करत नाही. मी ते डॉक्टरांना बोलूनही दाखवले. त्यांनी कापलेल्या केसांच्या जागी बोट फिरवले. तिथे सूज नव्हती, ओल नव्हती. “असेल,” त्या म्हणाल्या. मात्र दुसऱ्यांदा सुई द्यायला त्या तयार झाल्या नाहीत. कारण विचारले तर फक्त म्हणाल्या की, आता ती हाक वापरून झाली.

बाहेर मावशी उभी होती, तोंडावर हात ठेवून. तिला लाज वाटत होती. शिंपीकाकांनी इतके बजावले आणि मी मेली ओ देऊन बसले, असे ती सारखी म्हणत होती. मग टोपलीतून ते तोंड वर आलेले तिने पाहिले आणि ती हसू की रडू असे करू लागली. शिंपीकाका हसले नाहीत. त्यांनी कुत्रीची साखळी मनगटाला आणखी एक वेढा दिला. पोपटही त्या वेळी काही बोलला नाही, हे मला घरी आल्यावर आठवले.

मांजर सुधारले. हळूहळू नव्हे, मागची काही वर्षे कुणी पुसून टाकावीत तसे. खाऊ लागले, कपाटावर चढू लागले, त्याच्या केसांवर चकाकी आली. मावशी तिला मांडीवर घेऊन म्हणे, बघ, म्हातारीचं तारुण्य. आणि त्याच सुमारास मावशी पाणी पिऊ लागली. आधी मी लक्ष दिले नाही. मग दिसू लागले की, तांब्या सतत तिच्या उशाशी आहे, रिकामा झाला की ती मुकाट्याने उठून भरते, आणि तिच्या मनगटावरची कातडी सैल पडत चालली आहे. मी तिला मोठ्या इस्पितळात नेले. रक्त तपासले, लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. सगळे वयाला धरून आहे, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले आणि थोडे हिंडा-फिरा असा सल्ला दिला. मला त्यांचे म्हणणे मान्य करायचे होते. माणूस म्हातारे होते, त्याला कारण लागत नाही; एका दुपारी दोन गोष्टी घडल्या म्हणून त्यांतली एक दुसरीचे कारण ठरत नाही. हे मी वर्गात शिकवते. मी ते स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःलाही शिकवले.

पण एक गोष्ट मला कुठेच बसवता येईना. मावशीने ओ देणे सोडले होते. गल्लीतून कुणी हाक मारली तरी ती खुर्चीत तशीच बसून राही. मी स्वयंपाकघरातून ‘मावशी’ म्हणाले की कपाटावरून मांजर खाली उडी मारून येई, पायाशी बसे आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघे. ती मात्र हलत नसे. ऐकू कमी येते म्हणावे तर शेजारच्या घरातला पंखा कधी बंद झाला तेही तिला कळे. शेवटी एका संध्याकाळी मी तिच्यासमोर बसले आणि विचारले की, माझ्यावर रागावलीस का?

“नाही गं.” ती बराच वेळ हात चोळत राहिली. हात गार होते. “तुझे ओठ हलताना दिसतात. हाक सुटते, तेही कळतं. पण माझ्यापर्यंत येत नाही.”

“म्हणजे कशी?”

“एक्स्चेंजमध्ये व्हायचं तसं. लाइन लागते… पण दुसऱ्या घरी.”

ती हे हसून म्हणाली, आणि त्या हसण्यानेच माझा धीर सुटला. या बाईला गमावून मी या घरात काय करणार, हा प्रश्न मी तोवर कधी शब्दांत मांडला नव्हता. खरे म्हणजे गोष्ट एवढीच होती की, तिला कुणी हाक मारून थांबवू शकत नव्हते; ती निघाली होती आणि माझा आवाज तिच्या मागे पोचत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच दवाखान्यात गेले. शिंपीकाका होते, त्यांनी आपली पाळी मला दिली. मी डॉक्टरांना शांतपणे, आधी-नंतरचे नीट वेगळे करून सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाले की, माझा यावर विश्वास नाही.

“माझाही नव्हता,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी दुधी काचेचे दार लावून घेतले. मग त्यांनी सांगितले ते असे. खूप पूर्वी, त्यांनी दवाखाना नुकता थाटला होता तेव्हा, दोघे भाऊ एका कुत्र्याला घेऊन आले होते. कुत्र्याचे नाव ‘धाकट्या’. थोरल्याने आत हाक मारली आणि बाहेर धाकट्या भावाने थट्टेत ओ दिली. तरुण माणूस होता, धडधाकट.

मी विचारले की, मग तो…

डॉक्टरांनी चष्मा पुसला. “तो कुत्रा अजून आहे,” त्या म्हणाल्या. “थोरला आता म्हातारा झालाय. काठी टेकत घेऊन येतो त्याला. मी तपासते. काही बोलत नाही आम्ही.”

काचेवर पलीकडून कुणाची तरी सावली सरकली आणि गेली. डॉक्टर पुढे म्हणाल्या, त्या थोरल्याला तेव्हा काय सांगावे हे त्यांना कळले नव्हते; त्यानंतर त्या यावर खूप विचार करत आल्या होत्या. हाक जिथून गेली तिथूनच मावशीला पुन्हा बोलवायला हवे. मावशी म्हणून नव्हे, ते नाव आता मांजराकडे आहे. तिच्या स्वतःच्या नावाने. आणि तिने ओ द्यायला हवी. हे सारे त्या मला पटवत नव्हत्या. आईबापांना वाईट बातमी सांगताना माणूस जसा बोलतो तशा बोलत होत्या. निघताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी मावशीला सगळे सांगितले नाही, पण तिला कळले असावे. मांजराची टोपली ती स्वतःच घेऊन बसली. चालणे तिला जमणार नव्हते, म्हणून रिक्षा केली. दुपार उतरत होती, आभाळ खाली आले होते, आणि दवाखान्यात डॉक्टरांनी दुसऱ्या कुणालाच बोलावले नव्हते. फक्त शिंपीकाका आले, कुत्रीशिवाय. ते मावशीच्या शेजारी बाकड्यावर बसले आणि तिच्या खांद्यावरची शाल सारखी करत म्हणाले की, बाई, या वेळेला मात्र बिनधास्त ओ द्या, मी काही म्हणणार नाही. ती हसली. मांजर तिच्या मांडीवर होते, गुबगुबीत, डोळे अर्धे मिटलेले.

मी आत गेले. डॉक्टरांनी दार लावले. टेबलावर टॉवेल नव्हता, नुसता पत्रा होता, आणि त्यात दिव्याचे लांबट प्रतिबिंब पडले होते. मी आधी उभी होते तिथेच उभी राहिले आणि मावशीचे नाव घेतले. बँकेच्या कागदांवरचे, पूर्ण, शुद्ध.

बाहेर शांतता.

मी पुन्हा घेतले, मोठ्याने. ते नाव माझ्या तोंडात अनोळखी होते. हजेरी घेताना नव्या विद्यार्थिनीचे घ्यावे तसे. त्या नावाने मी तिला कधी हाक मारली नव्हती. तापात नाही, भांडणात नाही, परगावाहून परत येताना लांबून ती दिसली तेव्हाही नाही. माझ्याकडे तिच्यासाठी जन्मभर एकच शब्द होता आणि तो शब्द आता बाहेर तिच्या मांडीवर बसून श्वास घेत होता. तिसऱ्यांदा नाव घ्यायला मी तोंड उघडले, तर आवाजच फुटेना. काचेपलीकडे शिंपीकाका हळू, घाबऱ्या स्वरात म्हणत होते, “बाई… अहो बाई… डोळे उघडा.”

डॉक्टर दाराकडे वळल्या. त्यांचा हात कडीवर होता, माझे दोन्ही हात पत्र्यावर होते, आणि ते गार पडले होते. तेव्हा माझ्या मागून, जिथे औषधांचे कपाट आणि भिंत यांत माणूस मावणार नाही इतकीच जागा आहे, तिथून कुणीतरी हाक मारली.

“टिटवे… ए टिटवेऽऽ”

आवाज बाईचा होता, तरुण. शेवटचा स्वर चिडवताना लांबवतात तसा लांबवलेला. परसातून घरात मारावी अशी हाक होती ती. मोठी नव्हती, पण टेबलाचा पत्रा त्या हाकेने किंचित झणझणला. ते मला तळहातांना जाणवले.

आणि बाहेरून उत्तर आले. तत्पर, प्रत्येक अक्षर सुटे. “ओ! आले गं, आले.”

मग पावले. दार बाहेरून ढकलले गेले, डॉक्टर बाजूला झाल्या, आणि मावशी उंबऱ्यात उभी होती. कुणाचाही आधार न घेता, शाल घसरलेली, गाल लाल, धावत आल्यासारखी. तिने खोलीभर पाहिले. मला पाहिले, डॉक्टरांना पाहिले, आणि आणखी कुणाला तरी शोधले. मी तिला मिठी मारली. तिचे हात ऊबदार होते.

बाहेर बाकड्याजवळ शिंपीकाका वाकले होते. मावशी उठली तेव्हा मांजर मांडीवरून घरंगळले होते आणि त्यांनी ते झेलले होते. मांजर गेले होते. अंग क्षणात पूर्वीइतके हलके झाले, असे ते मागाहून म्हणाले, हातात पाणी धरावे आणि ते ओघळून जावे तसे. मावशीने ते त्यांच्याकडून घेतले, आपल्या शालीत गुंडाळले आणि कपाळावर बोट टेकवले. मग ती मनसोक्त रडली, आणि ते रडणे ऐकून मला बरे वाटले. निघालेल्या माणसाला इतके रडायला बळ नसते.

डॉक्टरांनी मला एकीकडे घेऊन विचारले, ती हाक तुम्हीच मारलीत ना? मी म्हणाले, नाही. त्यांनी कपाटाकडे पाहिले नाही. त्या फक्त दिवा बंद करून आमच्याबरोबर बाहेर आल्या आणि त्यांनी दवाखाना त्या दिवसापुरता लवकर बंद केला. शिंपीकाकांना मी सहज विचारल्यासारखे विचारले, तर ते म्हणाले की, आवाज तुमचाच होता, फक्त वय कमी होते.

रिक्षात मावशी माझा हात धरून बसली होती.

“ते नाव तुला कुणी सांगितलं?”

मी विचारले, कोणते?

“टिटवी. मी लहानपणी फार बडबडायचे म्हणून ताई म्हणायची. ताईच एकटी.” ती बाहेर बघत राहिली. “तू अगदी तिच्यासारखी मारलीस हाक.”

माझी आई गेली तेव्हा माझ्या कानांवर शब्द पडत होते, पण मला ते बोलता येत नव्हते. त्या वयात ऐकलेले माणसाच्या आत कुठेतरी राहते आणि अतीव ताणाखाली, त्याला न कळता, तोंडावाटे बाहेर पडते. यावर बरेच लिहिले गेले आहे, आणि मी ते सगळे त्यानंतर वाचून काढले. तसेच झाले असणार. मी मावशीला म्हणाले, हो, मीच मारली.

ती बरी आहे. तांब्या आता तिच्या उशाशी नसतो. पायात जोर आहे, भाजीवाल्याशी हुज्जत घालते, मला टोमणे मारते. हल्ली तिला मावशी म्हणून हाक मारली तर ऐकू येते, थोडी उशिरा. शिंपीकाका अधूनमधून कुत्रीला घेऊन येतात, आणि दुसरे मांजर आणायचा विषय निघाला की दोघेही नावावर अडून बसतात आणि हसतात. मला हवे होते ते मला मिळाले आहे, हे मी दररोज स्वतःला बजावते.

फक्त संध्याकाळी, दिवे लावायच्या सुमारास, ती मध्येच मान वर करते आणि म्हणते, “ओ… आले गं.” कुणी हाक मारलेली नसते. मी काय झाले म्हणून विचारले तर ती दचकते आणि म्हणते, सवय गं, एक्स्चेंजची. सुरुवातीला ते क्वचित होई. आता रोज होते. तरी ती उठत नसे, आणि ती उठत नाही तोवर चिंता नाही, असे मी धरून चालले होते.

काल मी तिच्यासमोर बसून पेपर तपासत होते. दाराकडे माझी पाठ होती. दार मी स्वतः लावले होते, कडी घालून. मावशीने मान वर केली. मी वाट पाहिली. ती या वेळी ‘आले’ म्हणाली नाही.

“ये ना,” ती म्हणाली. “दार उघडंच आहे.”

मी मागे वळून पाहिले नाही. मी तिच्याकडेच बघत होते. तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे होती. ती हळूहळू, चालत येणाऱ्या माणसाबरोबर फिरावी तशी, फिरत आली. मग मावशी कोचावर थोडी सरकली आणि तिने आपल्या शेजारी जागा करून दिली.